तीन फुटी तयार फायबर पुतळा: सभागृहात चालेल, चौकात नको

जयंती दोन महिन्यांवर आली की तासगाव, विटा, पलूस भागातल्या गावांत पुतळा समितीची धावपळ सुरू होते. वर्गणी जमलेली असते, जागा तोंडी ठरलेली असते आणि ग्रुपवर एक फोटो फिरत असतो: तीन फुटी अर्धपुतळा, फायबरचा, ब्राँझ फिनिश, आठ-दहा दिवसांत पोच. हा रिव्ह्यू त्या मालाचा आहे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मिळणारा हा माल आतून-बाहेरून बराचसा एकाच पद्धतीने बनतो, त्यामुळे अमुक दुकान चांगलं की तमुक, या वादात शिरलेलो नाही.

आधी वस्तू काय आहे ते बघू. साच्याला आतून मेणाचा हात मारतात, त्यावर जेलकोटचा म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा थर, मग काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन असे दोन-तीन थर. चांगल्या कामात चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट किमान तीनदा बसते. स्वस्त कामात दोनच थर, तेही नाक, कान, जिरेटोपाची कड अशा अडचणीच्या जागी नीट दाबलेले नसतात. तिथे हवेचे फुगे राहतात आणि पहिल्या उन्हाळ्यात नेमकं तिथलंच टवकं उडतं. पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढून कानामागून खांद्यापर्यंत जोडतात. आत लोखंडी पाइपचा सांगाडा. वरून प्रायमर, तपकिरी रंग आणि उंचवट्यांवर सोनेरी पावडरीचा हात.

तीन फुटी अर्धपुतळ्याचं पृष्ठफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर धरा. फायबरचं कवच पाच मिलिमीटर धरलं तर त्याचं वजन १३-१४ किलो, सांगाड्यासकट वीसच्या आत. हेच सहा मिलिमीटर ब्राँझमध्ये ओतलं तर ९० किलोच्या वर जातं. विक्रेते हलकेपणा हा गुण म्हणून सांगतात, आणि दोघांनी उचलून टेम्पोत ठेवायला तो गुणच आहे. चौकातल्या सात फुटी चबुतऱ्यावर मात्र हिशेब फिरतो. वाऱ्याचा वेग आपल्या भागात सेकंदाला ३९ मीटर धरून गणित केलं, तर एवढ्या अर्धपुतळ्यावर ६०-७० किलोचा आडवा रेटा येतो. वीस किलोची वस्तू तो स्वतःच्या वजनावर पेलू शकत नाही, सगळा भार बोल्टवर. आणि बोल्ट कसले असतात? बहुतेकदा चबुतऱ्याच्या वरच्या फरशीत ठोकलेले चार इंची फास्टनर. फरशीखाली काँक्रीट आहे की नुसता भराव, हे कुणी बघितलेलंच नसतं. कृष्णाकाठच्या सखल गावांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. चबुतरा बुडाला तर पोकळ फायबर वर तरंगू पाहतो, म्हणजे बोल्टला खेच उलट्या दिशेने बसते.

घ्यायचाच असेल तर पोच घेताना रंग बघत बसू नका. पुतळा आडवा करायला लावा आणि खालून टॉर्च मारा. आत उजेड जिथे पिवळट आरपार दिसतो तिथे थर पातळ आहे. नाण्याने टकटक करत या. आवाज एकदम पोकळ झाला तर फुगा. सांगाड्याला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, तरी मारलेला आहे का, पाइप फायबरला नुसता टेकवलाय की मॅट घालून बांधलाय, तेही बघा. तळाशी बोटभर छिद्र हवं. जोडातून पाणी शिरतंच, बाहेर जायला वाट नसली की आतला लोखंडी पाइप गंजून फुगतो आणि खांद्याला आतून भेग पाडतो. बाहेरून पुट्टी भरून रंग मारला की भेग दिसेनाशी होते, ती पुढच्या पावसापर्यंत.

रंगाचं आयुष्य उन्हात दोन-तीन वर्षं. नंतर बोट फिरवलं की पांढरी पावडर येते. शिवाय आपल्याकडे पुतळा नुसता उभा राहत नाही. त्याला हार पडतात, गुलाल उधळला जातो, दुधाचा अभिषेक होतो. गुलालाचा डाग या रंगातून निघत नाही. दूध तळाच्या फटीत उतरून कुजतं आणि मुंग्या लागतात. हाराची तार जिरेटोपाच्या कडेवर दरवर्षी त्याच जागी घासते. ब्राँझलाही दूध आणि पक्ष्यांची विष्ठा चांगली नाहीच, पण तिथे सौम्य साबणाचं पाणी आणि पावसाळ्याआधी मेणाचा एक हात एवढ्यावर भागतं.

आता ब्राँझबद्दल थोडं, कारण ‘पंचधातू’ म्हणून काहीही गळ्यात मारलं जातं. पुतळ्याला साधारणपणे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी पाच टक्के असा गनमेटल वापरतात. भाव किलोवर ठरतो, म्हणून वजनकाट्याची पावती आणि धातूचा रिपोर्ट दोन्ही मागा. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला चाचणीची सोय सापडते, पण बिडाच्या फाउंड्रीतला स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) तांब्यासाठी कॅलिब्रेट केलेला असेलच असं नाही. तुकडा नेण्याआधी फोन करा. ब्राँझच्या आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचाच हवा. साधं लोखंड ओल्या ब्राँझला चिकटून राहिलं की फार लवकर गंजतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हा चौकशीतही गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग याच गोष्टी पुढे आल्या. तीन फुटांना तेवढा धोका नाही, पण दुखणं त्याच जातीचं.

इथपर्यंत ऐकल्यावर समितीतला कुणीतरी म्हणतो की आत्ता फायबर बसवू, पैसे जमले की ब्राँझ करू. तयार पुतळ्याचा खरा घोटाळा इथे आहे, आणि तो साहित्याचा नाही.

राज्य सरकारच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयानुसार पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी जागेच्या मालकीचे कागद, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ठराव, कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचं ना हरकत, देखभालीची हमी आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता जोडावी लागते. त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा दोन किलोमीटरच्या आत नसावा. त्याआधी १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नका, असा आदेश दिलेला आहे. म्हणजे गावाला हवा असलेला नेमका तिठ्ठ्याचा मधला गोल बहुतेक वेळा बसतच नाही. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं आवार शोधावं लागतं.

तयार पुतळ्यात मातीची पायरीच नसते. ‘साच्याला मान्यता आहे’ असं विक्रेता सांगतो. मान्यता प्रस्तावासोबतच्या मॉडेलला मिळते. दुसऱ्या गावाच्या कागदावर तुमचं काम होत नाही. आणि कागद बाजूला ठेवला तरी माती महत्त्वाची आहे. शिल्पकाराच्या शेडमध्ये ओली माती उभी असताना गावातले चार गट येऊन बघतात: डोळे रागीट झाले, मिशी फार मोठी, तलवार उपसलेली नको म्यानात दाखवा, आमच्या आळीकडे पाठ होतेय. माती ओली ठेवायला कापड गुंडाळून दिवसातून दोनदा पाणी मारतात, आणि ती ओली आहे तोवर मिशी बदलायला अर्धा तास लागतो. ओतल्यावर तीच मिशी बदलायला ग्राइंडर लागतो. तयार माल घेणाऱ्या गावाचं हे भांडण वाचत नाही. ते अनावरणाच्या आदल्या रात्री, चबुतऱ्यापाशी होतं, आणि तेव्हा शेजारी पोलिसांची गाडी उभी असते.

सगळ्यात जास्त घोळ चबुतऱ्यावर होतो. पुतळ्यासोबत बाजूला लावायला फायबरची तयार म्युरल्स (उठावचित्रं) विकतात, त्यात अफजलखान वध हमखास असतो. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल पेटली होती, हे पोलीस ठाण्यात कुणी विसरलेलं नाही. म्युरल लावायचं असेल तर त्याची रेखाटनं मूळ प्रस्तावातच जोडा. मागाहून चिकटवलेल्या एका पॅनेलमुळे पुतळ्याचीही परवानगी अडते.

पाटीचा मजकूर कोरण्याआधी ठरावात शब्दशः घ्या. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही सरकारमान्य तारीख टाकायची की तिथी, यावर एकमत होत नसेल तर दोन्ही टाका; जागा दीड ओळीची लागते. संभाजी महाराजांच्या पाटीवर धर्मवीर की स्वराज्यरक्षक, हा वाद डिसेंबर २०२२ पासून विधानसभेतून थेट गावागावांत आलेला आहे. ‘छत्रपती संभाजी महाराज’ एवढ्यावर थांबणाऱ्या समित्यांचं काम पुढे सरकतं. हुतात्म्यांची पाटी असेल, १९४२ ची किंवा पत्री सरकारची, तर नावं घरोघरी दाखवून मग कोरा, आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा. एखादं नाव राहिल्याचं नंतर कळतंच. पितळी अक्षरं चोरीला जातात. ग्रॅनाइटवर खोल कोरून रंग भरलेला बरा.

अनावरण कुणी करायचं, हा स्वतंत्र विषय. प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरूंच्या हस्ते झालं, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने पसरणी घाटात काळी निशाणं दाखवली. पुतळ्यावर कुणाचा आक्षेप नव्हता, अनावरण करणाऱ्या हातावर होता. सांगलीत २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या स्मारकाच्या उद्घाटनावरूनही तसाच संघर्ष पेटला आणि शहरात बंदोबस्त लावावा लागला. गावपातळीवर उपाय साधा आहे: अनावरणाची पाटी मुख्य पाटीपासून वेगळी, सर्वात शेवटी कोरायची, आणि चार स्क्रूंनी लावायची. वर्गणीदारांची नावं पुतळ्याखाली घेऊच नका, कंपाउंडच्या भिंतीवर टाका. अध्यक्षाचं नाव महापुरुषाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत कोरलेल्या पाट्या जिल्ह्यात आहेत, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तर निकाल असा. वाचनालय, शाळेचं सभागृह, ग्रामपंचायतीचं दालन, म्हणजे छताखाली, भिंतीला टेकून: तीन थरांचा फायबर पुतळा खुशाल घ्या, पाचपैकी साडेतीन. उघड्या चौकात: एक. फायबरच परवडत असेल तर निदान नवीन मातीवरून करून घ्या. साच्याचा खर्च वाढतो, पण मान्यता मिळते आणि तोच प्लास्टरचा साचा नीट जपून ठेवला तर पुढे ब्राँझलाही उपयोगी पडतो. ऑर्डरच्या कागदावर साचा समितीच्या मालकीचा राहील, हे वाक्य लिहून घ्या. बरेच कारखाने तो ठेवून घेतात.

‘आत्ता फायबर, नंतर ब्राँझ’ ठरवलंच असेल, तर उतरवलेल्या फायबरचं काय करणार तेही आजच ठरावात लिहा. नवा ब्राँझ आल्यावर जुना पुतळा भंगारात देता येत नाही, गोदामात तोंड भिंतीकडे करून ठेवता येत नाही. एक फोटो बाहेर गेला की विटंबनेची तक्रार होते. तो कुठल्या सभागृहात बसेल, कोण नेईल, हे नक्की करा. पोलीस ठाण्याला लेखी कळवून, सर्व गटांचा एकेक माणूस सोबत घेऊन, दिवसाउजेडी हलवा. रात्री हलवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.