कँडी म्हणून साधा लाल विकला, आणि वर माझ्याच हाताला नावं ठेवली

रक्कम लिहीत नाही. घरचे वाचतात, आणि त्यांना सांगितलेला आकडा वेगळा आहे. पण हिशेब पैशापैशाचा देतो. मोटारसायकल रंगवायच्या किटची ठरलेली किंमत शंभर धरा. ६० बुकिंगला गेले, ४० ‘पॅकिंगच्या आधी’ गेले आणि रंग बिघडल्यावर तो सुधारायच्या नावाखाली आणखी ३५. शंभराच्या मालाला मी १३५ मोजले. त्यात पॉलिश पेपर घासण्यात घालवलेले चार रविवार धरलेले नाहीत.

मी काही डोळे मिटून उडी मारली नव्हती. टाकी, दोन मडगार्ड आणि दोन साइड पॅनेल स्वतः रंगवायचे, तेही कँडी लाल (बेसवर, म्हणजे खालच्या चकाकत्या थरावर, मारायचा पारदर्शक लाल), हे डोक्यात घेतल्यावर दोन महिने वाचत होतो. विक्रेत्याशी तीनदा व्हिडिओवर बोललो. त्याने रंगवलेले प्लास्टिकचे चमचे दाखवले, एकेक कोट वाढवत नेलेले, पहिला गुलाबीसर आणि सहावा काळपट लाल. चमचे अस्सल कँडीचेच होते, आजही शपथेवर सांगेन. फक्त त्याने रंगवलेले नसावेत. जो बेलॉन या अमेरिकन गाड्या रंगवणाऱ्याने कँडी अ‍ॅपल रेड कसा गाजवला, चंदेरी बेसवर आणि सोनेरी बेसवर एकच लाल कसा वेगळा दिसतो, हे सगळं त्याने इतकं रंगवून सांगितलं की मी समजलो, ज्याला एवढं ठाऊक त्याच्या डब्यातही तेच असणार. गंमत म्हणजे त्या गप्पांत खोटं काहीच नव्हतं. खोटा फक्त डबा होता.

पहिली खूण क्लिअरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराच्या, डब्यात होती. किटमध्ये हार्डनर (क्लिअर पक्का करणारं रसायन) नव्हता. विचारलं तर म्हणाला, “दादा, हा प्री-मिक्स आहे, हार्डनर आतच टाकलाय, नवीन माणसाचं प्रमाण चुकू नये म्हणून.” अरे, टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या, क्लिअरमध्ये हार्डनर पडला की काही तासांत तो डब्यातच घट्ट व्हायला लागतो! मी हे वाचलेलं होतं. वहीत लिहिलेलंसुद्धा होतं. तरी मला वाटलं, एखादं नवीन तंत्र आलं असेल. हार्डनरचा वेगळा डबा नसेल तर पार्सल तिथेच परत करा.

पण ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून शिव्या घालतो, तो वेगळाच. कँडी झाकत नाही, हे तर तिचं मूळ. रंग पारदर्शक असतो, उजेड त्यातून खाली बेसपर्यंत जातो, तिथल्या चंदेरीवरून उलटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. म्हणून ती खोली दिसते, म्हणून प्रत्येक कोटाने ती गडद होते. चंदेरी बेस वाळल्यावर मी टाकीच्या तोंडाभोवती नवं वर्तमानपत्र चिकटवलं होतं (तेही चुकीचं, शाई उतरते, पण तो विषय वेगळा). दुसरा कोट मारून मागे सरकलो आणि पाहिलं तर कागदावरचा मथळा गायब. मोठ्या काळ्या टायपातला मथळा, त्याचं एक अक्षर दिसत नव्हतं. खरी कँडी असती तर सहाव्या कोटानंतरही लालातून तो वाचता आला असता. आणि मला काय वाटलं? आनंद झाला! “काय झाकतोय रंग!” असं मोठ्याने म्हणालो. फोटो काढला आणि त्यालाच पाठवला. त्याने अंगठा दाखवला.

त्या वेळी स्प्रे गन खाली ठेवली असती तर निदान क्लिअर वाचला असता. मी आणखी चार कोट मारले.

नमुन्याचा पत्रा आधी का मारला नाही, असं विचाराल. मारणारच होतो. एका पत्र्यावर पायऱ्या पाडून एक ते सहा कोट, म्हणजे कितव्या कोटाला थांबायचं ते कळतं. पण तो म्हणाला, “एक लिटर मोजून दिलाय, नमुन्यावर घालवलात तर मडगार्डला कमी पडेल, आणि मग दोन्हीची छटा जुळायची नाही.” छटेचं म्हणणं खरं आहे, सगळे भाग एकाच वेळी, तेवढ्याच कोटांत मारावे लागतात. खऱ्या गोष्टीचा असा उपयोग! बरं, तो एक लिटरही एक लिटर नव्हता, मापात ओतला तर ८६० मिली भरला. तेही मी गिळलं. जो विकणारा तुम्हाला नमुना मारू देत नाही, त्याच्याकडून काडीसुद्धा घेऊ नका.

वाळल्यावर टाकीवर ढगाळ पट्टे. कडेकडेने मळकट, उन्हात नेली तर सपाट, जणू प्लास्टिकची बादली. मी फोन केला, तो शांतपणे म्हणाला, “हात नवीन आहे ना. कँडीत ओव्हरलॅप ७५ टक्के लागतो, म्हणजे प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर तेवढा चढायला हवा, तुमचा पन्नासच पडलाय.” मला पटलं. का नाही पटणार? पहिल्यांदाच करत होतो, माझा ओव्हरलॅप खरंच हलला असणार. “आणि कँडीला ठिगळ लागत नाही,” तो म्हणाला, “पूर्ण परत मारावं लागेल.” हेही खरंच. म्हणून ते ३५. पहिल्यांदा करणाऱ्याला प्रत्येक बिघाड आपल्याच मनगटाचा वाटतो, याच्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. दुसऱ्या वेळीही तेच पट्टे आले. तेव्हा फोन बंद.

मग पेट्रोल भरताना चार थेंब ओघळले. पुसायला गेलो तर क्लिअर चिकट झाला आणि बोटाला लाल लागलं.

टाकी घेऊन एका जुन्या पेंटरकाकांकडे गेलो. “काका, माझा हात चुकला,” अशीच सुरुवात केली मी. त्यांनी थिनरचं फडकं टाकीच्या खालून, जिथे दिसत नाही तिथे फिरवलं. फडकं लालभडक. “हाताला कशाला बोल लावतोस? हार्डनर पडलेलाच नाही यात. आणि कँडी तर नाहीच, साध्या लालात चमकी कालवलीय.” थिनरचं फडकं, एवढीच परीक्षा. नीट पिकलेला टू-के त्याला दाद देत नाही. एका गोष्टीत मात्र विक्रेता अर्धा सच्चा निघाला: “या क्लिअरला साधा मास्क चालेल.” हार्डनरच नाही तर त्यातलं विषारी आयसोसायनेट कुठून येणार! (थिनरची वाफ मात्र साध्या मास्कने अडत नाही.) खऱ्या हार्डनरला मात्र कापडी मास्क लावून जाऊ नका, फुप्फुसांना धरतो तो.

आता तक्रारीचं. चौकीत सगळं ऐकून प्रश्न आला, “म्हणजे रंग आवडला नाही?” मी फडकं दाखवलं, टाकी दाखवली. “यात फसवणूक कुठे आहे? माल तर मिळाला ना?” मग सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत, बँकेत जा. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, ओटीपी तुम्हीच टाकला, पोलिसांचं पत्र आणा. पत्रासाठी पुन्हा चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. अशा पाच फेऱ्या. ऑनलाइन अर्जात फसवणुकीचे पर्याय लॉटरी, कर्ज, नोकरी, लग्न. रंग कुठेच नाही, म्हणून ‘इतर’. ‘इतर’चं काय होतं? अकरा दिवसांनी संदेश आला: तपास पूर्ण, प्रकरण बंद. कोणी तपासलं? मला एक फोन नाही, टाकी कोणी पाहिली नाही. ग्राहक तक्रारीचा सल्ला घेतला तर बिल मागितलं. बिलावर लिहिलंय ‘रंगसाहित्य, मिश्र, लाल’. कँडी हा शब्दच नाही! म्हणजे कागदोपत्री त्याने मला लाल रंग विकला आणि मला लाल रंगच मिळाला. शिवाय डब्यातला माल काय आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल मी माझ्या खर्चाने आणायचा. बिलावर ‘पारदर्शक कँडी’, ‘टू-के क्लिअर’, हार्डनरचं प्रमाण आणि मिली लिहून घ्या. लिहीत नसेल तर उठा.

टाकी पुन्हा पत्र्यापर्यंत उतरवली आहे. प्रायमर मारून ठेवलाय, पुढे हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. नाव नवीन, नंबर नवीन. खाली ‘ग्राहकाचा पहिलाच प्रयत्न’ म्हणून फोटो: माझी टाकी, दुसऱ्या कोटानंतरची, आणि तिच्याभोवती मथळा पुसला गेलेलं तेच वर्तमानपत्र. जाहिरातीविरुद्ध तक्रार टाकली. उत्तर आलं की फोटो तुमचाच असल्याचा पुरावा जोडा.