बोटीचं व्यावसायिक छायाचित्रण: सोबतच्या बोटीतून की ड्रोनवरून?

बोटी बांधणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं काम हातात आलं, की कॅमेऱ्याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: आपण उभं कुठे राहायचं? धक्क्यावर, सोबत धावणाऱ्या दुसऱ्या बोटीत, ड्रोनच्या रिमोटमागे की हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात? खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि फोटोही अगदी वेगवेगळे मिळतात. एकाच गोष्टीला पैसे पुरणार असतील, तर मी सोबतची बोट आणि ती चालवणारा चांगला माणूस घेईन. ड्रोन त्यानंतर.

सोबतची बोट

गिऱ्हाईक बोट बघतं ते पाण्याच्या पातळीवरून. तिथूनच तिची नाळ (पुढचं टोक) उचललेली दिसते, बाजूची वळणं दिसतात, उडणाऱ्या पाण्यामागे सूर्य आला तर तुषार चमकतात. बोट देखणी दिसण्याची हमखास जागा म्हणजे तिच्या नाळेच्या थोडं पुढे आणि तिरकं. पण तिथे राहायचं तर आपल्या बोटीने उठवलेला फेस फ्रेममध्ये येता कामा नये, आणि सूर्यही शक्यतो आपल्या पाठीशी हवा. म्हणूनच चालकावर सगळं अवलंबून असतं. सोपा नियम असा: एका बोटीने वेग आणि दिशा कायम ठेवायची, जवळ-लांब होण्याचं काम दुसरीने करायचं. दोघीही एकमेकींशी जुळवून घ्यायला लागल्या, तर फोटो जातो आणि टक्कर होण्याचा धोका वाढतो. वॉकीटॉकी घ्या, पण हाताच्या खुणाही आधीच ठरवा; इंजिनाच्या आवाजात निम्मं बोलणं कळत नाही.

ट्रायपॉड किनाऱ्यावरच ठेवा. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते. कोपर कठड्यावर टेकवलं तरी तेच. गुडघे सैल ठेवून उभं राहायचं आणि शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. मात्र पाणी शांत असेल आणि दोन्ही बोटी समांतर, सारख्याच वेगाने धावत असतील, तर १/१२५ वर येऊन बघा. समोरची बोट स्पष्ट येते आणि पाणी रेषांसारखं ओढलं जातं. बरेच फोटो वाया जातात, पण जमलेला एखादा माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जातो.

लेन्समध्ये ७०-२०० मिमी की १००-४०० मिमी? लहान रबरी बोटीतून जवळून काम करायचं असेल तर ७०-२००, आणि दुसऱ्या बॉडीवर (म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर) २४-७०. उडत्या खाऱ्या पाण्यात लेन्स बदलण्याचा विचारही करू नये, म्हणून दोन बॉडी ही चैन नव्हे. पाणी खवळलेलं असेल आणि अंतर ठेवावं लागणार असेल, तर १००-४०० जास्त कामाची. कॅमेऱ्याखाली लावायचा जायरो स्टॅबिलायझर (आतल्या फिरत्या चाकांनी कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) जड आणि महाग असतो, शिवाय वेग पकडायला वेळ घेतो. आजच्या स्थिरीकरण असलेल्या बॉडीज बघता, फक्त फोटो काढायचे असतील तर तो मी घेणार नाही.

ड्रोन

डेकची मांडणी, बोटीमागचा लांबलचक फेसाळ पट्टा, आजूबाजूचं बेट किंवा खडक हे ड्रोनशिवाय दिसत नाही. पण सरळ वरून बोट चपटी होते. बाजूची उंची आणि वळणं, ज्यासाठी बोट बांधणाऱ्याने जीव ओतलेला असतो, तीच गायब. त्यामुळे ड्रोन खाली आणि तिरका आणा. डीजेआय मॅव्हिक ३ प्रोसारख्या ड्रोनवरची ७० मिमीची लेन्स इथे उपयोगी पडते. लांबून घेतल्याने बोटीचे आकार ताणले जात नाहीत.

वेगाचं गणित मात्र आधीच करा. ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. मॅव्हिक ३ स्पोर्ट मोडमध्ये, वारा नसताना, जास्तीत जास्त सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ च्या आसपास जातो, आणि त्या मोडमध्ये अडथळे ओळखण्याची सोय बंद असते. समोरून वारा असला की ड्रोन मागे पडलाच. अशा वेळी मालकाला बोट २५ नॉटवर आणायला सांगा. वेगवान बोट तोवर पाण्यावर उचलली गेलेली असते आणि फोटोत वेगाचा फरक कोणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या जागेची. बोटीवरून उडवलेला ड्रोन आपोआप परतला, तर जिथून उडाला त्या जागी जातो, आणि तिथे आता नुसतं पाणी असतं. परतीची जागा रिमोट असेल तिथली लावून घ्या. पोलादी बोटीवर कंपासही गोंधळतो. हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर चकतात, म्हणून उतरवताना हातात झेलणारा सरावाचा माणूस हवा. व्यावसायिक उड्डाणाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. बंदराजवळ तर विचारल्याशिवाय उडवूच नका.

हेलिकॉप्टर तेव्हाच, जेव्हा बोट मोठी, वेगवान आणि गिऱ्हाईक पैसेवालं. पंख्याचा वारा पाणी विस्कटतो, त्यामुळे खाली येता येत नाही. शिडाच्या बोटीला तर तो शीडच बिघडवतो.

शिडाच्या बोटीसाठी सोबतची बोटही वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा. बोट त्याच बाजूला कललेली असल्याने डेक दिसतं, आणि आपण तिचा वारा अडवत नाही.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चमक काढतो, पण एक-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). बोटीच्या पुढच्या काचेवर तो कधीकधी इंद्रधनुषी डाग उमटवतो. फोटो घेण्याआधी फिरवून बघा.

आतल्या केबिनचे फोटो धक्क्यावरच काढा. तिथे ट्रायपॉड चालतो, कारण तो आणि केबिन एकत्रच डुलतात. खिडकीबाहेरचं दृश्य तेवढं सरकतं. खिडकीसाठी वेगळं एक्स्पोजर घेऊन नंतर जोडायचं असेल, तर ते वेगवान शटरवर घ्या. बोट सुटण्याआधी फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवलेल्या गाद्या) आत ओढले आहेत ना, दोऱ्या गुंडाळल्या आहेत ना, हे स्वतः बघा. लटकता फेंडर नंतर पुसत बसणं भारी कंटाळवाणं काम आहे.