108 नगांची टूल किट, पद्मिनी आणि खरा खर्च

5 पैकी 2 स्टार, ते पण बिट्स आणि ॲलन कीसाठी.

ही किट मेव्हण्याने दिवाळीला पाठवली, ऑनलाइन घेतलेली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तीच पेटी चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. उघडली की सगळं चकाचक दिसतं, घरातले नळ-खुर्च्या-सायकल एवढ्यासाठी ठीक आहे. पण माझ्या पार्किंगमध्ये 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी करायचा घाट घातलाय, तर त्या हिशोबाने लिहितोय.

पहिलं म्हणजे 108 या आकड्यावर जाऊ नका, निम्म्याच्या आसपास तर नुसते स्क्रू ड्रायव्हरचे बिट्स आहेत. रॅचेट (गोटी फिरवायचं दात्यांचं हँडल) पाव इंची. त्याने डॅशबोर्डचे स्क्रू निघतील हो, पण तीसेक वर्षं गंजत पडलेला सस्पेन्शनचा बोल्ट त्याला काय दाद देणार, जोर लावला की आतले दातच उडतात, माझे उडाले. आणि गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) सगळ्या बारा कोनी. बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्यांवर धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर धरते. नवीन नटाला काही फरक पडत नाही पण गंजून झिजलेल्या नटावर बारा कोनी एकदा सटकली की नट गोल झालाच समजा, मग छिन्नी हातोडी घ्या नाहीतर वेल्डरच्या पाया पडा. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100, सगळं मिलिमीटरमध्ये, 10, 13, 17, 19 हीच मापं सारखी लागतात. किटमधली 13 ची गोटी एवढी उथळ की स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) जरा लांब असला की नटापर्यंत पोचतच नाही.

शेवटी नाना पेठेतून सुटं सुटं घेतलं. नाशिकच्या टपारियाचे रिंग आणि फिक्स पाने, अर्धा इंची ड्राइव्हच्या सहा कोनी गोट्या आणि एक लांब हँडल, मिळून साधारण 7 हजार. हे पाने दिसायला साधे पण 13 चा पाना 13 च्या नटावर बसला की हलत नाही, किटमधला डुगडुगतो. ब्रेकच्या पाइपच्या नटांना मात्र फ्लेअर नट पानाच पायजे (पाइप आत जाण्यापुरती फट असलेला, नटाला जवळपास सगळीकडून धरणारा), ते नट मऊ असतात, साध्या फिक्स पान्याने कोपरे लगेच जातात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे हे काम चार वेळा. फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, ग्राइंडर आणि त्याचा तारेचा ब्रश, गॉगल, गंज सोडवायचा स्प्रे (रात्री मारा, सकाळी पाना लावा), हे धरून अजून 6-7 हजार गेले.

पण सगळ्यात आधी पैसे घालायचे ते ट्रॉली जॅक आणि घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कोणी जात असेल तर त्याला हात धरून बाहेर काढा, जॅकचं सील कधी गळेल सांगता येत नाही आणि वरती 900 किलोच्या आसपास लोखंड असतं. दोन टनी जॅक आणि घोड्यांच्या दोन जोड्या मिळून 7-8 हजार. विटांवर गाडी ठेवणारे पण पाहिलेत मी, वीट फुटायला वेळ लागत नाही.

म्हणजे टूल्स 20 ते 25 हजारात होतात. खरा खड्डा पत्र्याचा. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळे दाराखालचे सिल आणि फ्लोअर कुजलेले असतील तर ते नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही, गाडीची ताकदच जाते. गाडी घेण्याआधी खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण वाजलं तर पत्रा, भद्द वाजलं तर आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली. लांबी ओळखायला लोहचुंबक फिरवा, चिकटणार नाही. साधं आर्क वेल्डिंग पातळ पत्र्याला भोकं पाडतं, मिग (तार आणि गॅसवालं वेल्डिंग) लागतं, आणि एका गाडीसाठी मशीन विकत घेण्यापेक्षा मिगवाला घरी बोलवा. मला पत्राकाम आणि रंग मिळून 80 हजारांपासून दीड लाखापर्यंत कोटेशनं आलीत, सांगा आता टूल्सचं काय घेऊन बसलात. घरी रंग मारायचा विचार सोडा, धूळ बसते आणि सोसायटीवाले पण बसू देत नाहीत.

पार्टसाठी कुर्ला सीएसटी रोड आणि पुण्यात जुना बाजार, बुधवार-रविवार. 2023 ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, त्यामुळे भंगारातून निघणारा माल पण आता आटत चाललाय, क्रोम पट्ट्या आणि काचेची रबरं दिसली की भाव न करता उचला. आरसी आणि चॅसी नंबर जुळतोय का ते मात्र पाना हातात घ्यायच्या आधी बघा.

अॅम्बेसेडरवाल्यांनी वरची मापं आंधळेपणाने घेऊ नका, जुन्या ब्रिटिश बनावटीच्या इंजिनाला इंची पाने लागतात, 7/16, 1/2, 9/16 वगैरे. या किटमध्ये तसला एकही पाना नाही.