तासभरच वेळ असेल तर कोणती मुलाखत ऐकावी?

सार्वजनिक रेडिओवर राजकारण, इतिहास, पैसा आणि पुस्तकं या चारही विषयांवर उत्तम मुलाखती आहेत, तेही फुकट. अडचण वेळेची. निवड करताना मी आधी एवढंच बघतो: ही मुलाखत महिन्याभरानं ऐकली तर शिळी होईल का?

राजकारणाच्या होतात. बीबीसी रेडिओ ४ च्या ‘टुडे’मध्ये सकाळी ८:१० च्या सुमारास होणारी मुख्य मुलाखत थेट प्रक्षेपित होते. मंत्रिमहोदयांनी टाळलेला प्रश्न सगळ्यांना ऐकू येतो, काटछाटीची सोय नाही. ऐकायला मजा येते, पण मजा त्या सकाळपुरतीच. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओवरचं ‘फ्रेश एअर’ उलट्या वळणाचं: मुलाखत आधी ध्वनिमुद्रित होते, मग संपादित. मुलाखतकार टेरी ग्रॉस १९७५ पासून तिथं आहेत. एखादा प्रश्न फारच खासगी वाटला तर सांगा, पुढे जाऊ, असं त्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवतात. मंत्र्याला कोंडीत पकडलेलं बघायचं असेल तर हे मिळमिळीत वाटेल. मला मात्र इथंच माणसं जास्त बोलती झालेली दिसतात.

इतिहासासाठी बीबीसी रेडिओ ४ चंच ‘इन अवर टाइम’. १९९८ साली सुरू झालं, २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग चालवत होते. काटेकोरपणे बघितलं तर ही मुलाखत नव्हेच: तीन अभ्यासक, एक विषय, पाऊण तास. ना संगीत, ना हास्यविनोद; एक ‘हॅलो’ आणि थेट विषयाला हात. प्राध्यापक रेंगाळला की ब्रॅग त्याला पुढे ढकलत, कधी जरा उद्धटपणेच. हजारावर भाग आहेत, त्यामुळे सम्राट अशोकापासून सुरुवात करा. ओळखीचा विषय असला की अभ्यासकांचे मतभेद नेमके कुठं आहेत ते कळतं. पॉडकास्टमध्ये कार्यक्रम संपल्यावरच्या गप्पाही असतात. त्या सोडू नका, खरी खडाजंगी बऱ्याचदा तिथंच होते.

पैशाचं थोडक्यात. अर्थशास्त्राची धास्ती असेल तर एनपीआरचं ‘प्लॅनेट मनी’. २०१३ मध्ये त्यांनी एक टी-शर्ट बनवून घेतला आणि कापसापासून त्याचा माग काढला. बातमीतल्या आकड्यांवर संशय घ्यायची सवय असेल तर बीबीसी रेडिओ ४ वरचं टिम हारफर्ड यांचं ‘मोअर ऑर लेस’.

पुस्तकांच्या बाबतीत खरा पेच आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या ‘वर्ल्ड बुक क्लब’मध्ये जगभरचे वाचक लेखकाला त्याच्या एकाच पुस्तकाबद्दल प्रश्न विचारतात. पुस्तक वाचलेलं नसेल तर शेवट फुटलाच म्हणून समजा. कॅनडाच्या सीबीसीवरचं एलेनॉर वाक्टेल यांचं ‘रायटर्स अँड कंपनी’ १९९० ते २०२३ चाललं. त्यात लेखकाचं बालपण, घर, भाषा हे सगळं पुस्तकाइतक्याच निगुतीनं येतं, त्यामुळे त्या लेखकाची एक ओळही वाचली नसली तरी बिघडत नाही. वाचलेल्या पुस्तकासाठी पहिलं, न वाचलेल्या लेखकासाठी दुसरं.