मुलांना टीव्हीवरच्या गाण्याच्या शोला पाठवायचं की गंधर्वच्या परीक्षेला?

टीव्हीवर ऑडिशनची जाहिरात लागली की गाणं शिकणाऱ्या मुलांच्या घरी चर्चा सुरू होते: यंदा पाठवायचं, की आधी मध्यमा, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गाण्याची मधल्या टप्प्यावरची परीक्षा, होऊ द्यायची? दोन्ही जमेल असं पालकांना वाटतं. पण निवड झाली की चित्रीकरणाच्या धावपळीत शाळा आणि रियाज दोन्ही मागे पडतात. मी गाणं शिकवते, त्यामुळे माझं मत आधीच सांगते. 12-13 वर्षांच्या आतल्या मुलाला मी शोला पाठवणार नाही.

शोचं श्रेय नाकारता येत नाही. 2008-09 मधल्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत यांना घराघरात पोचवलं. तेव्हा ही सगळी मुलं लहानच होती, हेही खरं. पण कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गाणारे आणि शिकवणारे, आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका. या मुलींनी गाणं घरून नेलं होतं, शोने त्याला श्रोते मिळवून दिले. घरात असा भक्कम आधार नसेल तर त्यांच्याकडे बघून निर्णय घेऊ नका.

माझी मोठी तक्रार शोमधल्या गाण्याच्या मापाबद्दल आहे. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा आणि टाळ्या घेणारा शेवट. दोन-अडीच मिनिटांत सगळं दाखवायचं, म्हणून प्रत्येक ओळीत हरकत, म्हणजे सुरांचं छोटं नक्षीकाम, आणि शेवटी वरच्या पट्टीत आवाज ताणायचा. अशाच एका शोमधून परत आलेल्या माझ्या विद्यार्थिनीला मी भूप रागातली साधी मध्यलयीची बंदिश दिली. दुसऱ्याच आवर्तनाला ती तानेकडे धावायची. गंधारावर जरा थांब म्हटलं की कावरीबावरी व्हायची. थांबलं की आपण मागे पडलो, असंच तिला वाटायचं. ती सवय मोडायला फार वेळ गेला. मुलग्यांच्या बाबतीत तर याहून जपायला हवं. आवाज फुटायच्या वयात जोर लावून वरचे सूर गाणं गळ्याला मानवत नाही.

दुसरी उणीव परीक्षणाची. 'अप्रतिम', 'काटा आला', उभं राहून टाळ्या. कौतुक मुलांना हवंच, पण कोमल निषाद चढा लागला किंवा सम (तालाची पहिली मात्रा) हुकली, हे कोणी सांगितलं नाही तर मूल शिकणार काय? त्यात प्रेक्षकांची मतं निकालात धरली की सुराइतकंच गावाचं पाठबळ आणि घरच्या परिस्थितीची गोष्टही मोजली जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला शृंगारिक लावणी गायला लावून तिच्या अदांचं कौतुक करणं तर मला अजिबात पटत नाही.

गंधर्वच्या परीक्षेत नेमकं याच्या उलट चालतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्याच परंपरेतल्या मंडळाच्या या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार अशी चढण आहे. परीक्षक समोर बसून स्वर ओळखायला लावतात, हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगतात. तिथे झगमगाट नसतो आणि चूक लपत नाही.

पण परीक्षाही निर्दोष नाही. बंदिशी आणि ताना पाठ करून विशारद झालेले आणि चार लोकांसमोर वीस मिनिटं रंगवता न येणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. माईकपुढे कसं गावं, नव्या साथीदारांशी कसं जुळवून घ्यावं, श्रोते कसे धरून ठेवावेत, हे परीक्षेत येत नाही. शोमध्ये ते येतं, आणि उत्तम वादकांबरोबर गायला मिळतं. परीक्षेचा मार्ग धरणाऱ्यांनी म्हणून गणेशोत्सवातलं स्टेज आणि भावगीत-नाट्यगीत स्पर्धा सोडू नयेत. पुढे आकाशवाणीची ऑडिशन आहेच.

मूल सोळा-सतराचं असेल, आवाज बसला असेल, मध्यमा पूर्णची (मध्यमाच्या दुसऱ्या टप्प्याची) तयारी असेल आणि एखादा राग अर्धा तास मांडता येत असेल, तर खुशाल पाठवा. बाद झालं तरी त्याच्याकडे परतायला गाणं असेल. लहान मुलाचा हट्टच असेल तर आधी कायदा माहीत करून घ्या. बालकामगार कायद्याखालच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 14 वर्षांखालच्या बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावावर मुदत ठेवीत जमा करावा लागतो. सेटवर हे विचारायला संकोच करू नका. आणि सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा. शो संपल्यावर किती महिने बाहेर गाता येणार नाही आणि रेकॉर्ड झालेल्या गाण्यांवर हक्क कोणाचा, ही दोन कलमं त्याच्याकडून नीट समजून घ्या.