डॉलर नाण्यांचा अल्बम, तीन महिने वापरून

खडेबाजारातल्या एका दुकानातून घेतला. भोकं 26.5 मिमीची, त्यामुळं सॅकागाविया (मूळ अमेरिकन स्त्रीचं चित्र असलेलं), प्रेसिडेन्शियल (राष्ट्राध्यक्षांची चित्रं असलेली) आणि मामांनी अमेरिकेतून आणलेलं 1979 चं सुझन अँथनीचं चित्र असलेलं पण फिट्ट बसतंय. 1971 चं आयझेनहॉवर 38 मिमीचं, ते कुठलं बसणार ओ, वेगळं ठेवलंय.

खरी अडचण कडेची. 2007 पासूनच्या प्रेसिडेन्शियल नाण्यांवर साल आणि टांकसाळीचं अक्षर कडेवरच असतंय आणि पुठ्ठ्यात घातलं की कड झाकते, मग पी (फिलाडेल्फिया) की डी (डेन्व्हर) बघायला दरवेळी नाणं बाहेर काढा, बोटांचे डाग पडतात, म्हणून मी खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. 2012 पासूनची नाणी फक्त संग्राहकांसाठीच काढली, ती भोकं अजून रिकामी बघून जीव तुटतो. तरी पुठ्ठा दणकट आहे, घ्या बिनधास्त.