एनपीटेलचा बारा आठवड्यांचा कोर्स: उत्साह नेमका कुठे ओसरतो

एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमात तिथल्या प्राध्यापकांचं शिकवणं घरबसल्या फुकट मिळतं, म्हणून 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावर या कोर्सेसना दर सेमिस्टरला मुलं धडाधड नाव नोंदवतात. मजकूर दर्जेदार आहे, त्याबद्दल वादच नाही. अडचण पुढे टिकण्याची आहे.

आठवड्याला साधारण अर्ध्या तासाची पाच व्याख्यानं आणि एक असाइनमेंट. अंतिम निकालात असाइनमेंटला 25 गुण, परीक्षेला 75. प्रमाणपत्र हवं तर 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे किमान गुण लागतात. बारापैकी उत्तम आठच असाइनमेंट धरल्या जातात, आणि बरेच जण फसतात ते इथेच. 'चार बुडाल्या तरी चालतं' म्हणून सुरुवातीच्याच सोडून देतात. खरं तर सोप्या त्याच असतात. पुढे कॉलेजची सबमिशन आणि व्हायवा एकदम अंगावर येतात. ती चारची सूट तेव्हासाठी राखून ठेवावी.

प्रेरणेबद्दल विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेक जण हेच सांगतात: व्हिडिओ केव्हाही बघता येतो, म्हणून तो मागे पडत जातो, बसायला लावते ती असाइनमेंटची अंतिम तारीख. हे प्रामाणिक उत्तर आहे. पण त्याच रात्री टेलिग्रामवरची तयार उत्तरं टिकमार्क केली की 25 पैकी 24 पडतात आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेत तिशी गाठताना दम निघतो. तिथे कोणी सांगायला नसतं.

यावर उपाय साधा आहे. रोज एकच व्याख्यान, वही उघडी ठेवून. उदाहरण पडद्यावर आलं की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः सोडवायचं, मगच पुढे जायचं. सव्वापट वेग सिद्धान्ताला ठीक, गणिताला नको. वर्गातले तिघं-चौघं मिळून कोर्स घ्या. एकट्याने घेतलेला कोर्स तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटण्याची भीती जास्त. काही कोर्सेसना पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) मिळालेले संशोधक लाइव्ह सत्रात प्रश्न सोडवून दाखवतात. ती सत्रं मुलं उगाच दुर्लक्षित करतात, मोठं नुकसान आहे ते.

क्रेडिटची, म्हणजे कोर्स पदवीच्या अभ्यासक्रमात धरला जाण्याची, ओढ सगळ्यात खात्रीची. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेता येतात. मात्र नेमका तुमचा कोर्स चालेल का, हे विभागाकडून लेखी घ्या, आणि तेही परीक्षेची फी भरण्याआधी.